डाव्या पायाला काम नसलेली गाडी

त्या उन्हाळ्यात आमचं नांदेडचं होस्टेल परीक्षेच्या आधीच बंद झालं. बोअर आटला होता, टँकर आला तर यायचा. रेक्टरबाईंनी एका सकाळी आम्हा सगळ्या मुलींना पटांगणात उभं केलं आणि सांगितलं, ज्यांना घरी जाणं शक्य आहे त्यांनी जावं, परीक्षेचं मागाहून कळवू. मी पेटी घेऊन एसटीने अहमदपूरला आले. पुस्तकं बरोबर आणली होती, पण अभ्यास होईल असं वाटत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अशा मुलीला घरी अभ्यास करायला जागा लागते, हे घरातल्यांना माहीत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत व्यापाऱ्याची जीप चालवायचे. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी लातूर-अहमदपूर काळीपिवळी जीप-टॅक्सी चालवली होती. व्यापाऱ्यांना सगळा मोंढा अप्पा म्हणायचा, आम्हीही अप्पाच म्हणायचो. त्यांच्या गोदामाच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. म्हणजे दादांची नोकरी आणि आमचं घर एकाच माणसाच्या हातात होतं. लहानपणी याचं काही वाटायचं नाही.

पेटी उचलून गोदामाच्या बाजूने आत शिरले तर तुरीच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी एक पांढरी गाडी उभी होती. लांब, बुटकी, चकचकीत. मोंढ्यात अशी गाडी मी पाहिली नव्हती. नांदेडला पाहिल्या होत्या, त्याही बाहेरून.

“आली का कॉलेजवाली!” अप्पा गादीवरून म्हणाले. “बरं झालं बग. तुझीच वाट बघून राहिलो होतो.”

गाडी नांदेडच्या एका डॉक्टरांची होती. डॉक्टर अप्पांच्या जुन्या ओळखीचे. ते मुलाकडे परदेशात राहायला चालले होते. त्यांनी म्हटलं होतं, घेऊन जा, थोडे दिवस वापरून बघा, मग बोलू. गाडी नवी नव्हती, पण जपून वापरलेली होती. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या नावाचा उच्चार मोंढ्यात जितकी माणसं तितक्या तऱ्हेने व्हायचा.

त्या वर्षी मोंढ्यात दोनच विषय होते, पाणी आणि जिल्हा. उदगीर नवा जिल्हा होणार, आपला तालुका त्यात जाणार, असं जो तो सांगायचा. कुणी म्हणायचं, उदगीर कशाला, अहमदपूरच होईल. अप्पांनी मनाशी धरलं होतं की जिल्हा झाला की कलेक्टर येणार, बैठका होणार आणि त्यांच्यासारख्या माणसांना बोलावणं येणार.

“तिथं काय जीपमधून उतरायचं?” ते म्हणाले. “वॉचमन म्हणल, माल मागच्या दारानं न्या.”

गाडीबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. अप्पांनी ते माझ्या हातात ठेवलं. “एकेक वस्तू वाच, लावून बघ आन् मला सांग, कामाची हाय का नुसता नखरा हाय. तू सायन्सची हायस ना?”

मी हो म्हटलं. माझे विषय रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र होते. ते तिथे सांगून काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी आई ज्वारी पाखडत बसली होती. मी शेजारी बसून पुस्तकाची पानं उलटत होते. ती सुपावरची नजर न काढता म्हणाली, “चांगली हाय म्हणून सांगितलंस तर घेतील.”

“चांगलीच असेल की.”

“घेतली तर तिला तसला ड्रायव्हर लागल. मग तुझ्या दादाचं काय? आन् ह्या खोलीचं?”

“मग वाईट आहे म्हणून सांगू?”

“मी कुठं तसं मनले?” आई म्हणाली आणि सूप जोरात आपटलं.

त्यानंतर मी ते पुस्तक कधीच स्वस्थपणे वाचू शकले नाही. प्रत्येक पानावर काहीतरी चांगलं निघायचं, आणि जे जे चांगलं निघे ते दादांच्या विरुद्ध जाई.

पहिल्या दिवशी दादा गाडीत बसले आणि लगेच उतरले. सीट आपोआप पुढे सरकली होती. पुस्तकात वाचलं तर दारावर बटणं होती आणि ज्याने त्याने आपापली बसायची जागा त्यावर साठवून ठेवायची होती. डॉक्टर बुटके असणार. दादांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

“ही मला वळखत न्हाई,” दादा म्हणाले. “डाक्टरला वळखती.”

मी दादांची जागा दुसऱ्या बटणावर ठेवली. नंतर ते बसायच्या आधी ते बटण हळूच दाबायचे आणि सीट मागे सरकताना बाजूला उभे राहून बघायचे. आवडलं असावं. पण विचारलं तर म्हणाले, “सरकायचं काम हातानं व्हतंय की.”

खरी अडचण डाव्या पायाची होती. त्या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपले आपण पडायचे. दादांचा डावा पाय इतकी वर्षं क्लचवर जगलेला. मोंढ्यात पहिलीच फेरी मारताना त्यांनी गिअर बदलायच्या वेळेला डावा पाय सवयीने खाली दाबला. तिथे होता ब्रेक, चांगला रुंद. गाडी जागच्या जागी थांबली. मागे बसलेल्या अप्पांची टोपी उडून पुढे काचेजवळ जाऊन पडली.

“मेलो की गड्या!” अप्पा ओरडले.

थप्पीवरचे हमाल हसायला लागले. दादांचा चेहरा काळवंडला. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली, पाय वर घेतला आणि मांडीखाली दुमडून बसले. मग गाडी बरी चालली.

“आता काय कीर्तनाला बसलास का रे?” अप्पांनी विचारलं.

“हाव. तुमी टाळ घ्या,” दादा म्हणाले. तेव्हा अप्पाही हसले. मला वाटलं, जमेल. आणि लगेच वाटलं, मी कोण ठरवणार.

मागेपुढे काही जवळ आलं की ती गाडी टीं टीं करायची. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण मोंढ्यात सगळंच जवळ. पोती, हातगाडे, शेळ्या, माणसं. ती सारखी ओरडायची. हमालांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. त्यात दादांची आणखी एक सवय होती. जीप कुठेही उभी केली की ते उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे. हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता, काळीपिवळीवाल्यांपैकी कुणाचाच नसायचा. या गाडीलाही त्यांनी दगड लावला. हँडब्रेकच्या जागी नुसतं एक बटण होतं, त्यावर तर विश्वास बसायचा प्रश्नच नव्हता. एवढ्या चकचकीत गाडीच्या चाकाखाली धोंडा बघून एक हमाल म्हणाला, “मामा, नवरीला खराट्यानं ओवाळून राहिले का तुमी?”

आक्का, म्हणजे अप्पांची बायको, वेगळ्याच नजरेने बघायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे. गाडी बुटकी, त्यामुळे आत बसताना त्या एकदम खाली गेल्या, जशा काही पाटावर बसल्या. बसल्यावर मात्र म्हणाल्या, “पाठीला गार वारं येतंय गं! जीपमदी मला कदी वारं लागलं न्हाई.” मागच्या सीटसाठी वेगळी थंड हवा होती. उतरायची वेळ आली तेव्हा मला आणि आईला दोन्हीकडून हात द्यावा लागला. दोन सीटच्या मध्ये पेले ठेवायला दोन खळगे होते. अप्पांचा तांब्या त्यात बसेना. प्रवासात ते तांब्यातलंच पाणी प्यायचे. मग तो त्यांनी दोन मांड्यांमध्ये धरला आणि म्हणाले, “एवढी मोठी गाडी केली, तांब्याची सोय केली न्हाई. हे लोक पाणी पीत न्हाईत का काय?”

डिकी पाय हलवून उघडायची. किल्ली अंगावर असली आणि मागच्या बंपरखाली पाय फिरवला की झाकण आपोआप वर. हात रिकामे नसले तर ही सोय. आक्कांनी किल्ली कनवटीला लावली, दोन हातांत दोन रिकाम्या घागरी घेतल्या आणि पाय फिरवला. उघडली. त्यांनी परत लावायला लावली, परत उघडली.

“आमच्या न्हाणीच्या दाराला बसवा म्हणावं हे,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसांत अप्पांच्या घरी जारचं पाणी विकत यायचं. अप्पांनी डिकीत जार ठेवून बघायला सांगितलं. उभे मावेनात, आडवे ठेवले तर बुचातून गळायचे. जीपमध्ये मागचा बाक काढला की हवे तेवढे बसायचे. हे मी अप्पांना सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा जास्तच खुश होता, असं मला वाटलं. मग लगेच डिकीच्या झाकणाचं कौतुक केलं, पारडं सारखं करायला.

एका पानावर लिहिलं होतं की काचेवर थेंब पडले की वायपर आपण होऊन चालू होतात. हे बघायचं तर पाणी पाहिजे. काचेवर टाकायला पाणी मागायचं कुणाकडे? मी ते पान उलटून पुढे गेले. पण शेजारून बघणाऱ्या अप्पांनी विचारलंच, “हे सोडलंस का?” आक्कांनी तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीसाठी ठेवलेलं असायचं, त्यातलं अर्धं भांडं दिलं. मी बोटांनी शिंपडलं. वायपर खरंच हलले. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा, जशी काही गाडी विचार करत होती. सगळी काच दुधासारखी पांढुरकी झाली.

“पावसाला वळखती म्हणं,” दादा म्हणाले. “आमालाच वळखू येईना झालाय त्यो.”

म्हशीला त्या दिवशी कमी पाणी मिळालं. आक्कांना ते दिवसभर लागून राहिलं होतं.

फोनचं मीच जोडून दिलं. अप्पांचा मोबाइल गाडीला जोडला की बोलणं सगळ्या गाडीत ऐकू यायचं आणि फोन हातात घ्यायची गरज नसायची. फोन घ्यायचं आणि बंद करायचं बटण स्टिअरिंगवर होतं. मी दादांना दोन्ही दाखवली, हिरवं घ्यायचं, लाल ठेवायचं. पहिला फोन लातूरहून तुरीच्या भावाचा आला. काचा खाली होत्या. सगळ्या मोंढ्याला भाव कळला. अप्पांनी कपाळाला हात लावला. पण ही गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त आवडली, हे मला समजत होतं.

घरी दादा गाडीबद्दल काही बोलत नव्हते. आई विचारायची, “जमून राहिलंय का?” ते म्हणायचे, “गाडीच हाय की, इमान हाय का?” मग जेवून उठायचे, बाहेर जायचे, जीपच्या बॉनेटवरून हात फिरवायचे, पुन्हा आत यायचे. बसवत नव्हतं त्यांना. मलाही अभ्यासाला बसवत नव्हतं. आमच्या त्या दोन खोल्यांत सगळे सारखे उठत-बसत होते.

नांदेडला जाऊन डॉक्टरांना काय ते सांगायचा दिवस ठरला. अप्पांची लिंगपूजा झाल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे निघायला ऊन झालं. निघताना एक अडचण आली. नव्या गाडीतून एवढ्या लांब जायचं तर पूजा पाहिजे. पण गाडी अजून आपली नाही, परक्याच्या गाडीची पूजा कशी करायची? आक्का म्हणाल्या, करू नये. अप्पा म्हणाले, न करता बसू नये. शेवटी अप्पांनी आपल्या कपाळावरची थोडी विभूती बोटाला घेतली आणि स्टिअरिंगला लावली. नारळ नाही, लिंबू नाही. “ही गाडीची न्हाई, चालवणाऱ्याची,” ते म्हणाले. हा तोडगा आक्कांना पटला.

अप्पा आणि आक्का मागे, दादा चालवायला, मी त्यांच्या शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन. चांगल्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चांगली गाडी म्हणजे काय. आवाजच नव्हता. बाहेर पांढरी पडलेली रानं, वाळलेल्या बाभळी, टँकरमागे रांगेत ठेवलेले हंडे. हे सगळं काचेपलीकडे मुक्याने सरकत होतं. आत गार. मला ते बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय म्हणून बरं वाटत नव्हतं.

लोह्याच्या अलीकडे एक लांब उतार आहे. काळीपिवळीवाले तिथे गाडी न्यूट्रल करायचे. गाडी आपल्या वजनाने सोडायची, डिझेल वाचवायचं, उतार संपला की गिअर टाकून पुन्हा ओढायची. हे चूक आहे असं तिकडे कुणी मानत नव्हतं. उलट ज्याला हे जमतं तो मुरलेला ड्रायव्हर. दादांचा हात आपोआप गिअरच्या दांडीवर गेला आणि त्यांनी ती न्यूट्रलला सरकवली. गाडी गपचूप सुटली. जीपसारखा खडखडाट नाही, त्यामुळे वेग किती झाला ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही. खाली एक ट्रॅक्टर आडवा वळत होता. दादांनी ब्रेक मारला. ट्रॅक्टर गेल्यावर वेग घ्यायला पाय दाबला तर इंजिन नुसतं किंचाळलं, गाडी ओढेना. मागून ट्रक हॉर्न देत होता. दादांनी पाय तसाच दाबून ठेवून दांडी ओढली आणि गाडीने असा हिसका दिला की आक्का पुढच्या सीटवर आदळल्या आणि अप्पांच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

दादांनी गाडी कडेला घेतली. “आक्का, लागलं का?”

“न्हाई, न्हाई,” आक्का पदर सावरत म्हणाल्या.

“उताराला जीपसारखी सोडली का?” अप्पांनी विचारलं. रागाने नाही.

“हाव. हात गेला.”

“चल आता,” अप्पा म्हणाले. ते ओल्या धोतराकडे बघत होते. तेवढंच पाणी त्यांनी घरून घेतलं होतं.

आम्ही पुन्हा निघालो. मग गाडीत फोन वाजला. अप्पांच्या मुलाचा. तो पुण्याला असतो. अप्पांनी सवयीने खिशातला मोबाइल काढला, कानाला लावला. पण मुलाचा आवाज आला तो चारी बाजूंनी.

“अप्पा, निघालात का? कोण चालवतंय?”

“आपला हाय की नेहमीचा,” अप्पा मोबाइलमध्ये म्हणाले.

“तेच? अहो अप्पा, त्यांना ऑटोमॅटिक नाही झेपायची. सगळा जन्म जीपवर गेलाय त्यांचा. मी इथे एक मुलगा बघून ठेवलाय, तयार आहे यायला. गाडी घेतली की त्याला बोलावून घेऊ. फक्त त्याच्या राहण्याचं बघावं लागेल, ती गोदामामागची खोली आहे ना, ती—”

अप्पा मोबाइल कानापासून दूर धरून त्यावर अंगठा दाबत होते. पडदा विझला, आवाज चालूच होता. “—तसंही जीप आता कितीशी लागणार आपल्याला?” बटण माझ्यापासून हातभरावर होतं आणि माझा हात उठत नव्हता.

दादांनी अंगठ्याने लाल बटण दाबलं. आवाज बंद झाला.

“फोन कट झाला वाटतं,” अप्पा म्हणाले.

“हाव,” दादा म्हणाले. “रेंज न्हाई इथं.”

आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. दादांनी गाडी त्यानंतर एकसारखी चालवली. एकही हिसका नाही, ब्रेकवर पाय नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांची नजर रस्त्यावरच होती.

नांदेड जवळ आलं तेव्हा अप्पांनी एका रसवंतीपुढे गाडी थांबवायला सांगितली. त्या वर्षी ऊस कमी, त्यामुळे रस पातळ आणि बर्फच जास्त. आम्ही चौघं बाजेवर आणि खुर्च्यांवर बसलो. दादांनी आधी दगड शोधून चाकाला लावला, मग आले.

“हं,” अप्पा माझ्याकडे वळले. “आता सांग. डाक्टरला काय मनू?”

मी रात्रंदिवस याचीच तयारी करत होते. जार मावत नाहीत, आक्कांना उतरता येत नाही, शेताच्या रस्त्यावर पोट घासेल, असं एकापाठोपाठ सांगितलं तर अप्पांचं मन फिरलं असतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मी तेवढंच सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं.

“गाडी चांगली आहे अप्पा,” मी म्हणाले. “मी वाचलं तसंच सगळं चालतंय. हवा चांगली आहे, आक्कांच्या पाठीला आराम आहे. उतरताना आक्कांना आधार लागेल. आपल्या रानाच्या वाटेला ती न्यायची नाही. पाणी आणायच्या कामाची नाही. गावात आणि मोठ्या रस्त्याला चांगली.” मी थांबले. मग म्हणाले, “फसवणूक काही नाही तिच्यात.”

अप्पांनी मान हलवली. रसाचा ग्लास खाली ठेवला. “आन् तुझ्या दादाला जमल का?”

हे ते मला विचारत होते. दादा समोर बसलेले. मला उतार आठवला, अप्पांची उडालेली टोपी आठवली आणि ते लाल बटणही आठवलं. जमेल म्हणाले असते तर ते माझं बापावरचं प्रेम झालं असतं. जमणार नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं. मी बर्फाकडे बघत राहिले.

“तिला कामून विचारता अप्पा?” दादा म्हणाले. “मला विचारा की. मी काय मुका हाय?”

“बरं, तू सांग.”

“जमल. शिकल्यावर काय बी जमतं. पण खरं सांगू का, हिच्यात मला झोप येती.”

“झोप?”

“जीपमदी कसं हाय, हात, पाय, कान, सगळे कामाला असतात. डोळा लागायला टाइमच न्हाई. हिच्यात माणसाला कामच न्हाई. गार वारं, आवाज न्हाई, डावा पाय तर रजेवरच. आता लोह्यापसून दोनदा डोळा लागला माझा.”

“अगं माय!” आक्का म्हणाल्या. “आन् आता सांगून राहिला का भाऊ?”

“म्हणून मनतो, गाडी घ्या. पोरगी मनती ते खरं हाय, गाडी चांगली हाय. चालवायला तो पुण्याचा पोरगा बोलवा. तरण्या माणसाला झोप येत न्हाई.”

अप्पा काहीतरी बोलायला गेले. “आमचं पोरगं आपलं काय बी...” एवढं म्हणून थांबले. रसवंतीवाल्याने चरक फिरवायला घेतला, त्यामुळे पुढचं बोलावं लागलं नाही.

लोह्यापासून नांदेडपर्यंत मी दादांवरून नजर काढली नव्हती. त्यांचा डोळा लागलेला मी पाहिला नाही.

डॉक्टरांकडे अप्पांनी गाडी घेतो म्हणून सांगितलं. कागदपत्रं होईपर्यंत गाडी डॉक्टरांच्या दारात राहणार होती, त्यामुळे परत यायला आम्ही चौघांनी एसटी धरली. अप्पा आणि दादा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका बाकावर शेजारी बसले होते. दादा अवघडून कडेला बसले होते, अप्पा त्यांना म्हणत होते, “सरक की आत, पडशील.” आक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. अहमदपूर यायच्या आधी अप्पा दादांना म्हणाले, “उद्या जीप काढ. रेणापूरला जायचंय.” दादा हाव म्हणाले. मला उद्याचं ऐकून बरं वाटलं, पण परवाचं काय, हे कुणी बोललं नाही.

पुण्याचा तो ड्रायव्हर मुलगा आला तो सज्जन होता. दादांना काका म्हणायचा, आणि दादांनीच त्याला मोंढ्यात गाडी कशी वळवायची ते दाखवलं. अप्पांनी खोली सोडा असं कधी म्हटलं नाही. त्या मुलाला त्यांनी स्वतःच्या ओसरीवर ठेवलं. पण दादांनी मग आपणहून सांगितलं की रेणापूरजवळच्या गावात चुलत्यांकडे जागा आहे, तिकडे टँकरला ड्रायव्हर पाहिजे आहेत. त्या वर्षी टँकरला सगळीकडेच ड्रायव्हर पाहिजे होते. अप्पांनी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा आक्कांनी आईला लुगडं दिलं आणि आम्ही निघालो. जिल्ह्याचं काही झालं नाही. बोलणं मात्र थांबलं नाही.

टँकर जुना होता. क्लच एवढा घट्ट की दोन्ही पायांनी दाबावा असा. पहिल्या दिवशी दादा घरी आले ते मांडी चोळतच, पण जेवून शांत बसले. उठून बाहेर गेले नाहीत. अंधार पडायच्या आत त्यांच्या चार-पाच खेपा व्हायच्या. आईचं म्हणणं, एवढं काम आधी कधी नव्हतं.

पुढे होस्टेल उघडलं. परीक्षा झाली, नवं वर्ष सुरू झालं आणि तरी पाणी टँकरचंच. संध्याकाळी मुली गच्चीवर जमायच्या, आभाळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, येऊ दे बाबा एकदाचा. मीही वर बघायचे. मला त्यांच्याबरोबर तसं म्हणता येत नसे. पाऊस आला तर होस्टेलला पाणी, गावाला पाणी, आणि दादांचा टँकर बंद.

एका संध्याकाळी घरी फोन केला तर आई म्हणाली, “आज इकडं आभाळ आलंय. लई दाटून.”

मी बरं म्हणाले.

“दादा आले का?” मी विचारलं.

“न्हाई अजून,” आई म्हणाली. “दोन खेपा राहिल्यात.”